फॉरगॉटन रेल्म्सची नवी पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२५मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातल्या फॉरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगाची दोन नवी पुस्तकं आली आणि पहिल्याच आठवड्यात चाहत्यांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, 'अखेर आमचं जग परत आलं.' दुसरा म्हणतो, 'आमचं जग असं नव्हतंच.' लोक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे सोप्यापासून किचकटापर्यंत लावले आहेत. जी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फॉरगॉटन रेल्म्स आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स एकच का?

नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ आहे, म्हणजे नियम, फासे, लेव्हल, मंत्र. फॉरगॉटन रेल्म्स हे त्या खेळासाठीचं एक जग. त्या ग्रहाचं नाव टोरिल आणि बहुतेक सगळं ज्या खंडावर घडतं तो फेरून. वॉटरडीप, बाल्डर्स गेट, आइसविंड डेल ही ठिकाणं याच खंडावरची. हे जग कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांनी लहानपणी, १९६०च्या दशकातच, स्वतःच्या गोष्टींसाठी रचायला घेतलं होतं. खेळाच्या तेव्हाच्या प्रकाशक टीएसआर कंपनीने ते १९८७मध्ये खोक्याच्या रूपात छापलं. राखाडी रंगामुळे चाहते त्याला आजही 'ग्रे बॉक्स' म्हणतात. १९९७मध्ये टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली आणि १९९९मध्ये विझार्ड्स हॅस्ब्रोकडे. या खेळासाठी ग्रेहॉक, एबेरॉन, डार्क सन, ड्रॅगनलान्स अशी इतरही जगं आहेत. २०२४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये नमुन्याचं जग म्हणून ग्रेहॉक दिलं आहे, रेल्म्स नाही.

२. नवी पुस्तकं नेमकी कोणती आणि कशात काय आहे?

पहिलं 'हीरोज ऑफ फेरून', खेळाडूंसाठी. त्यात पात्रांच्या वर्गांसाठी (क्लास) आठ उपवर्ग, म्हणजे सबक्लास, आहेत: बार्डसाठी कॉलेज ऑफ द मून, क्लेरिकसाठी नॉलेज डोमेन, फायटरसाठी बॅनरेट, पॅलडिनसाठी ओथ ऑफ द नोबल जीनीज, रेंजरसाठी विंटर वॉकर, रोगसाठी सायन ऑफ द थ्री, सॉर्सररसाठी स्पेलफायर आणि विझार्डसाठी ब्लेडसिंगर. शिवाय रेल्म्सच्या रंगातले बॅकग्राउंड (पात्राची पूर्वपीठिका) आणि फीट (खास कौशल्यं), नवे मंत्र, देवदेवता, हार्पर्स-झेंटारिमसारख्या संघटना, आणि अनेक जादूगारांनी मिळून एकच मंत्र टाकायचे नियम.

दुसरं 'ॲडव्हेंचर्स इन फेरून', डीएमसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरसाठी. यात पाच प्रदेश खोलात घेतले आहेत: डेललँड्स, आइसविंड डेल, कालिमशान, मूनशे बेटं आणि बाल्डर्स गेट शहर. प्रत्येकाचा बाज वेगळा ठेवला आहे. आइसविंड डेलमध्ये थंडी आणि भय, मूनशेवर फे, म्हणजे परीलोकातल्या जिवांची, जादू, बाल्डर्स गेटमध्ये गल्लीबोळांतली गुन्हेगारी. जोडीला पन्नासहून जास्त छोट्या साहसकथा.

याखेरीज 'नेथेरिल्स फॉल' आणि 'ॲस्टेरियन्स बुक ऑफ हंगर्स' हे दोन भाग फक्त डी अँड डी बियाँड या खेळाच्या अधिकृत वेबसाइटवर डिजिटल स्वरूपात आहेत, छापील नाहीत. यावरून जी ओरड झाली ती प्रश्न ५मध्ये.

३. एकच घ्यायचं असेल तर कोणतं?

तुम्ही खेळाडू असाल तर हीरोज, डीएम असाल तर ॲडव्हेंचर्स. गोम एवढीच की देव आणि संघटना यांची बरीचशी माहिती खेळाडूंच्या पुस्तकात आहे. त्यामुळे डीएमला हीरोज कधी ना कधी लागतंच. गटात चार-पाच जण असतील तर वर्गणी काढून एक-एक प्रत घेणं शहाणपणाचं. नियमांची मूळ पुस्तकंच अजून नसतील तर या दोन्हींच्या आधी २०२४चं प्लेयर्स हँडबुक घ्या. त्याच्याशिवाय ही दोन्ही पुस्तकं अर्धवट वाटतील.

४. जुने चाहते प्रत्येक नव्या पुस्तकावर इतके का वैतागतात?

कारण त्यांचं जग त्यांच्या पायाखालून वारंवार सरकवलं गेलं आहे.

रेल्म्सला स्वतःची कालगणना आहे. आपल्या शालिवाहन शकासारखा इथे डेल शक म्हणू. बारा महिने, प्रत्येकी तीस दिवस, वर पाच सण, आणि दर चार वर्षांनी शील्डमीट नावाचा एक जादा दिवस. ग्रे बॉक्समधलं वर्ष होतं डेल शक १३५७. मग १९८९मध्ये नियमांची दुसरी आवृत्ती आली आणि नियम का बदलले याची कारणं जगाच्या इतिहासात घुसवली गेली. देवांना स्वर्गातून हाकलून जमिनीवर आणलं, बेन, भाल आणि मर्कुल हे देव मेले. दुसऱ्या आवृत्तीतून असॅसिन हा क्लास काढला होता, म्हणून गोष्टीत फेरूनमधले मारेकरी एका फटक्यात मारून टाकले! नियमपुस्तकातली खाडाखोड आणि तिकडे नरसंहार.

२०००मध्ये नियमांची तिसरी आवृत्ती आली आणि २००१मध्ये ती रेल्म्समध्ये पोचली, ती मात्र सभ्यपणे. वर्ष १३७२, फारशी मोडतोड नाही आणि 'कॅम्पेन सेटिंग' नावाचं ३२० पानांचं एकच जाडजूड पुस्तक, ज्यात खंडाचा कोपरान् कोपरा होता. बहुतेक जुने चाहते ज्याच्याशी नव्या पुस्तकांची तुलना करतात ते हेच.

खरा घाव २००८चा. चौथ्या आवृत्तीत जादूचे नियम पार बदलले, म्हणून १३८५मध्ये जादूची देवी मिस्ट्रा हिला सिरिक आणि शार या देवतांनी मारलं आणि स्पेलप्लेग नावाचं संकट पसरलं. हालरुआ हा जादूगारांचा देश उद्ध्वस्त झाला. माझ्टिका हा पश्चिमेकडचा खंड नकाशावरून नाहीसा झाला. अंथर देशाच्या जागी दुसऱ्या जगातून आलेला, ड्रॅगनबॉर्न या ड्रॅगनवंशी लोकांचा टायमॅन्थर देश बसला. कहर म्हणजे वर्ष थेट १४७९ केलं. शंभर वर्षांची उडी! वीस वर्षं लोकांनी ज्यांच्याशी खेळून ओळख केली होती ते सराईवाले, सरदार, चोरांचे म्होरके, सगळे मानव एका पानात मेले. लोकांना बदलाचा राग नव्हता. आपली डायरी कोणीतरी फेकून दिल्याचा होता.

पाचव्या आवृत्तीच्या तोंडावर 'संडरिंग' नावाच्या घटनेने यातलं बरंचसं उलटवलं. मिस्ट्रा परतली, देव परतले, नकाशा बराचसा पूर्ववत झाला. पण मेलेली माणसं परतली नाहीत. आणि २०१५चं स्वोर्ड कोस्ट ॲडव्हेंचरर्स गाइड फक्त पश्चिम किनारा आणि उत्तर एवढ्यावरच थांबलं. पुढची दहा वर्षं मोठ्या साहसकथांपैकी बहुतेक त्याच किनाऱ्याभोवती फिरत राहिल्या. चुल्टच्या जंगलात नेणारी २०१७ची कथा हा ठळक अपवाद. म्हणजे २०२५च्या पुस्तकांकडे लोक दहा वर्षांच्या उपवासानंतर बसले होते. अशा पंक्तीत कोणताही स्वयंपाक अळणी लागणारच.

५. मग या वेळची नेमकी तक्रार काय आहे?

तक्रारी चार आहेत, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली: पाच प्रदेश म्हणजे संपूर्ण फेरून नव्हे. कॉर्मिर, थेय, सेम्बिया, चुल्ट, अंडरडार्क अशा बाकीच्या प्रदेशांना ॲडव्हेंचर्समध्ये स्वतःचं मोठं प्रकरण नाही. तक्रार रास्त आहे. पण पाचांची निवड पाहिली तर कालिमशान, मूनशे आणि डेललँड्स यांना पाचव्या आवृत्तीत आजवर जवळपास काहीच मिळालं नव्हतं. बाल्डर्स गेट आणि आइसविंड डेल यांना मात्र २०१९ आणि २०२०मध्ये अख्खी पुस्तकं मिळाली होती. त्या दोघांची जागा वाचवून थेयला देता आली असती, असं आमचंही मत.

दुसरी: साहसकथा फार छोट्या आहेत, बहुतेक एक-दोन पानांच्या. यावर प्रश्न ११ पाहा. आमच्या मते इथे दोष पुस्तकाचा कमी आणि अपेक्षेचा जास्त.

तिसरी: मजकूर दोन छापील पुस्तकं आणि डिजिटल भाग असा वाटून टाकला. छापील प्रत कपाटात ठेवणाऱ्याला नेथेरिल या प्राचीन जादूगार साम्राज्याचा भाग मिळतच नाही. ही तक्रार आम्हाला सर्वांत खरी वाटते. १९८७चा खोका आज जवळपास चाळीस वर्षांनीही उघडून वाचता येतो. एखाद्या वेबसाइटवरच्या मजकुराबद्दल असं कोण छातीठोकपणे सांगेल?

चौथी: इतिहास पातळ आहे. सनावळ्या, राजघराणी, व्यापारी मार्ग हे जुन्या पुस्तकांत पानोपानी असे. नव्यात टेबलावर लगेच वापरता येईल असा मजकूर जास्त. जो वाचनासाठी पुस्तक घेतो त्याची निराशा होते. जो शनिवारच्या सेशनसाठी, म्हणजे खेळाच्या बैठकीसाठी, घेतो तो खूश असतो. दोघेही बरोबर आहेत, कारण दोघांना हवं असलेलं पुस्तकच वेगवेगळं आहे.

६. कौतुक कशाचं होतंय?

मुख्यतः एका गोष्टीचं: या वेळी जग मोडलं नाही. २०२४च्या नियमबदलासाठी कोणता देव मारला नाही की शंभर वर्षं उडवली नाहीत. मूनशेचं पुनरागमनही अनेकांना सुखावून गेलं. ती बेटं ग्रीनवुड यांच्या मूळ नकाशातली नाहीत. दुसऱ्या लेखकाने वेगळ्या कामासाठी रचलेला तो प्रदेश टीएसआरने १९८७मध्ये इथे आणून जोडला, म्हणून त्यांचा केल्टिक बाज बाकी खंडापेक्षा निराळा आहे. संघटनांचा भागही कामाचा, कारण त्यामुळे 'तुम्ही सगळे एका सराईमध्ये भेटता' या ठरावीक सुरुवातीहून बरी सुरुवात करता येते.

७. पर्पल ड्रॅगन नाइटचं प्रकरण काय होतं?

पर्पल ड्रॅगन हे कॉर्मिर राज्याचं चिन्ह आणि त्याच्या सैन्याचं नाव. आख्यायिकेतला तो ड्रॅगन मुळात काळा, म्हातारपणी खवल्यांना जांभळट झाक आलेला. म्हणजे 'जांभळा ड्रॅगन' अशी जातच इथे अभिप्रेत नाही. आणि कॉर्मिरचे सैनिक ड्रॅगन पाळत नाहीत.

२०२५च्या सुरुवातीला चाचणीसाठी प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात 'पर्पल ड्रॅगन नाइट' या फायटर सबक्लासला चक्क ॲमेथिस्ट (जांभळ्या रत्नाच्या जातीच्या) ड्रॅगनचं पिल्लू सोबती म्हणून दिलं होतं. जाणकार उखडले. शिवसेनेच्या वाघाबद्दल वाचून शाखेत खरोखरचे वाघ बांधलेले असतात असं कोणी लिहावं, तशातला प्रकार. दुसरीकडे ड्रॅगन मिळतोय म्हणून खूश झालेलेही बरेच होते, हे मान्य केलं पाहिजे. अंतिम पुस्तकात ड्रॅगन नाही. सबक्लासचं नाव बॅनरेट झालं. हे नावही नवं नाही. २०१५च्या पुस्तकात रेल्म्सबाहेर खेळताना वापरायचं पर्यायी नाव म्हणून ते दिलं होतंच.

मसुद्यातला ड्रॅगनच हवा असेल तर डीएमच्या परवानगीने तो मसुदा वापरा. फक्त लक्षात ठेवा, सोबती असलेला प्रत्येक खेळाडू टेबलावर दोन पाळ्या खातो. पाच जणांच्या गटात असे दोघे झाले की लढाई रेंगाळते.

८. जुन्या कादंबऱ्या आणि जुनी पुस्तकं आता 'खरी' धरायची की नाही?

२०२१मध्ये विझार्ड्सने स्पष्ट केलं की पाचव्या आवृत्तीच्या खेळापुरतं फक्त त्या आवृत्तीच्या खेळपुस्तकांत जे छापलं आहे तेच कॅनन, म्हणजे अधिकृत. कादंबऱ्या, व्हिडिओ गेम, आधीच्या आवृत्त्या त्याबाहेर. अनेकांना हा आपल्या कपाटाचा अपमान वाटला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की नवीन लेखकाला जुनं काही पाळायचं बंधन नाही आणि डीएमला जुनं वाचायची सक्ती नाही. तुमच्या टेबलावर काय खरं हे तुम्ही ठरवायचं. एक ओळीचा करार पहिल्याच सेशनला करा: 'अमुक वर्षापर्यंतचं छापील सगळं खरं, त्यापुढे आपण घडवू ते.' हे न ठरवल्यामुळे जी भांडणं होतात त्यांच्यासाठी प्रश्न १३.

९. माझ्याकडे २००१चं कॅम्पेन सेटिंग आहे. २०२४च्या नियमांनी चालेल का?

चालेल, आणि उत्तम चालेल. वर्णनं, नकाशे, गावं, कारस्थानं जशीच्या तशी घ्या. आकडे मात्र बदलावे लागतात, कारण तिसऱ्या आवृत्तीत बोनस लेव्हलगणिक चढत जातात, तर आताच्या नियमांत प्रावीण्याचा बोनस वीस लेव्हलमध्ये फक्त +२पासून +६पर्यंत जातो.

डीसी (यशासाठी फाशावर गाठायचा आकडा): १५पर्यंतचा तसाच ठेवा. २० असेल तर १५, २५ असेल तर १८, ३० असेल तर २० करा. हे न केल्यास साधं कुलूपही उघडत नाही आणि खेळाडूंना वाटतं डीएम सूड घेतोय.

पात्रांची आकडेवारी: रूपांतर करत बसू नका, सरळ बदला. जुन्या पुस्तकातला आठव्या लेव्हलचा फायटर दिसला की नव्या नियमांतली तयार आकडेवारी, ग्लॅडिएटर किंवा वॉरियर व्हेटरन, घ्या, मध्यम जादूगार दिसला की मेज, मोठा असेल तर आर्चमेज. नाव, स्वभाव आणि हेतू जुने, आकडे नवे.

पैसा: तिसऱ्या आवृत्तीत +१ जादुई तलवारीची किंमत २,००० सोन्याच्या नाण्यांच्या वर जाते. २०२४च्या डीएम गाइडमध्ये त्या दर्जाच्या वस्तूचा भाव ४०० आहे. जुना खजिना जसाच्या तसा वाटला तर तिसऱ्या लेव्हलला तुमचा गट बाजार विकत घेईल. जुन्या रोख रकमेचा साधारण पाचवा हिस्सा द्या.

जादुई वस्तू: जुन्या पात्रांच्या अंगावर सात-आठ असत. आता ॲट्यूनमेंट, म्हणजे वस्तूशी पात्राची जादुई जोडणी, तीनच वस्तूंशी होतं. एखाद-दुसरी ठेवा, बाकी गाळा.

वर्ष: १३७२मध्येच खेळायचं असेल तर काहीच बदलू नका. १४९२ किंवा त्यापुढे खेळायचं तर १२० वर्षांचा हिशेब करा. मानव पात्रं गेली, हाफलिंगही बहुतेक गेले. त्यांच्या जागी नातवंडं-पतवंडं आणा, दुकानाचं नाव तेच ठेवा. ड्वार्फ साधारण ३५० वर्षं जगतात, एल्फ ७५०, त्यामुळे त्यांतले बरेच हयात. हाफ-एल्फ १८०च्या आसपास, म्हणून जुन्या पुस्तकात तिशीतला असलेला आता थकलेला पण जिवंत. जुन्या चाहत्याला एका म्हाताऱ्या हाफ-एल्फ सराईवालीची ओळख पटली की त्याचा निम्मा राग तिथेच विरघळतो.

१०. स्वोर्ड कोस्ट गाइडमधले बॅकग्राउंड आणि सबक्लास वापरता येतात का?

येतात. २०२४च्या नियमांत क्षमतेची वाढ आणि ओरिजिन फीट बॅकग्राउंडमधून मिळतात. जुन्या बॅकग्राउंडमध्ये दोन्ही नसतात. अशा वेळी एका क्षमतेला +२ आणि दुसरीला +१, किंवा तिघींना +१ घ्या, आणि एक ओरिजिन फीट निवडा. जुन्या पुस्तकातली वंशजमात घेतली तर तिच्यातली क्षमतावाढ सोडून द्या, नाहीतर ती दोनदा मिळते. ही चूक इतकी सामान्य आहे की नव्या कॅरॅक्टर शीटवर पहिल्यांदा तीच तपासावी.

सबक्लास आता सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळतो. जुन्या क्लेरिक, सॉर्सरर, वॉरलॉक यांना तो पहिल्या आणि विझार्ड, ड्रुइड यांना दुसऱ्या लेव्हलला मिळत असे. ते सगळं तिसऱ्यावर ढकला. ज्या सबक्लासची नवी आवृत्ती आली आहे, उदाहरणार्थ ब्लेडसिंगर, तिथे नवीच घ्या. ब्लेडसिंगर २०१५मध्ये फक्त एल्फ आणि हाफ-एल्फांसाठी होता, २०२०मध्ये तो सर्वांना खुला झाला. टेबलाला जुनी परंपरा हवी असेल तर अट परत लावा, पण खेळाडूने पात्र बनवण्याआधी सांगा.

११. एका पानाची साहसकथा चालवायची कशी?

तिला सांगाडा समजा. मांस तुम्ही चढवायचं. तीन तासांच्या सेशनला एक पुरते. चार खेळाडूंची एक नीट लढाई पाऊण तास खाते, म्हणून दोन लढाया आणि एक बोलाचालीचा प्रसंग एवढंच बसतं. आदल्या दिवशी अर्धा तास काढून चार गोष्टी लिहा. खलनायकाला नेमकं काय हवंय, एका वाक्यात. तीन जास्तीची नावं, कारण खेळाडू वाटेतल्या गुराख्याचंही नाव विचारतात. लागणाऱ्या राक्षसांची पानं खुणा लावून. आणि गट हरला किंवा निघून गेला तर दुसऱ्या दिवशी काय होतं.

फसतं कुठे? बहुधा एकाच धाग्यावर. पुढे जायला एकच पुरावा असतो, त्यावर खेळाडूंचा फासा पडत नाही, आणि सगळे डीएमकडे बघत बसतात. प्रत्येक पुढच्या पायरीसाठी तीन पुरावे पेरा आणि त्यातला एक फासा न टाकता मिळू द्या.

सलग कॅम्पेन, म्हणजे लांबत जाणारी एकच कथा, हवं असेल तर एकाच प्रदेशातल्या पाच-सहा कथा घ्या आणि सगळ्यांमागे एकच संघटना ठेवा. डेललँड्ससाठी झेंटारिम आयतेच आहेत.

१२. मी बाल्डर्स गेट ३ खेळून आलोय. ही पुस्तकं माझ्यासाठी आहेत का?

आहेत, आणि नव्या ग्राहकांत तुमच्यासारखे भरपूर आहेत. २०२३चा तो व्हिडिओ गेम डेल शक १४९२मध्ये घडतो. त्यातल्या बेन, भाल, मर्कुल या त्रयीशी सायन ऑफ द थ्री हा रोग सबक्लास थेट जोडलेला आहे. मात्र गेममध्ये तुम्ही केलेला शेवट पुस्तकाने मान्य केला असेल असं धरू नका (प्रश्न ८). आणि गेममधले नियम २०१४च्या नियमांवर बेतलेले, त्यातही बरेच फेरफार केलेले. टेबलावर बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, सरसकट सगळ्या पात्रांना दुसऱ्याला ढकलता येत नाही. नव्याने आलेले इथेच पहिल्यांदा अडतात.

१३. टेबलावर एक जुना चाहता आहे. दर दहा मिनिटांनी 'असं नसतं' म्हणतो. काय करावं?

त्याला काम द्या. तो गप्प बसवायचा माणूस नाही, तो चालताबोलता कोश आहे. त्याच्या पात्राला इतिहासाचं प्रावीण्य घ्यायला लावा आणि जुनी माहिती पात्राच्या तोंडून येऊ द्या, आख्यायिका म्हणून. जे खोटं ठरलं ते 'पोथीत चुकीचं लिहिलं होतं' या नावाखाली खपतं. ग्रीनवुड यांच्या सुरुवातीच्या लिखाणातही माहिती एल्मिन्स्टर हा म्हातारा जादूगार सांगतो, आणि एल्मिन्स्टर काही दर वेळी सरळ बोलत नाही. मात्र डीएमने निकाल दिल्यावर त्या सेशनपुरती चर्चा बंद, हेही आधीच ठरवा.

१४. भारतात ही पुस्तकं कशी मिळवायची?

छापील प्रती ऑनलाइन विक्रेत्यांकडे येतात, पण भाव विक्रेत्यागणिक फार बदलतो. घेण्याआधी दोन-तीन ठिकाणी पाहा आणि नवी २०२४च्या नियमांची प्रत आहे ना याची खात्री करा. नावं सारखी असल्याने २०१४चं प्लेयर्स हँडबुक गळ्यात मारलं जाऊ शकतं.

डी अँड डी बियाँडवर किंमत डॉलरमध्ये असते. व्यवहार फसला तर आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू आहेत का बघा. २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर ते बंद असतात. तिथली खरेदी त्या खात्यापुरतीच असते, पीडीएफ मिळत नाही. गटातल्या इतरांना पुस्तक वापरू द्यायचं तर एकाकडे मास्टर टियर वर्गणी लागते.

जुनी पुस्तकं कायदेशीर पीडीएफमध्ये हवी असतील तर डीएम्स गिल्ड ही वेबसाइट पाहा. २००१चं कॅम्पेन सेटिंग तिथे मिळतं. २०१६पासून चाहत्यांनी लिहिलेला रेल्म्सचा मजकूरही तिथे विकला जातो आणि निम्मी रक्कम लेखकाला जाते. स्वतः ग्रीनवुड तिथे लिहितात. नव्या पुस्तकांत थेय पुरेसं नाही असं वाटणाऱ्यांनी आधी तिथे शोधावं.

१५. रेल्म्समध्ये भारतासारखा प्रदेश आहे का? नव्या पुस्तकांत आला का?

आहे. खंडाच्या आग्नेयेला दुर्पार, एस्टागुंड आणि वार हे देश, एकत्रितपणे शायनिंग लँड्स. १९९३च्या 'द शायनिंग साउथ'मध्ये ते सविस्तर आले आणि २००४मध्ये पुन्हा. व्यापारावर उभा समाज, एस्टागुंडचा राजा, आणि 'अदामा' नावाची सगळं एकच आहे असं सांगणारी श्रद्धा. छाप भारतीय आहे हे उघड, पण दुरून पाहिलेली. २०२५च्या पाच मुख्य प्रदेशांत ते नाहीत. मराठी गटांना वापरायचे असतील तर १९९३च्या पुस्तकातून बंदरं, करार आणि व्यापारी घराणी उचला. दरबारी वर्णनं मात्र स्वतः लिहा. सुरत-दाभोळच्या व्यापाराबद्दल तुम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्या पुस्तकाच्या लेखकाला नसावं.

१६. माझ्या क्लेरिकची देवता जुन्या पुस्तकात मेलेली आहे. मग क्लेरिकला मंत्र कसे मिळतात?

आधी तुमच्या कॅम्पेनचं वर्ष बघा. हेल्म १३८४मध्ये टिरच्या हातून मेला, टिर आणि मिस्ट्रा १३८५मध्ये. संडरिंगनंतर, म्हणजे १४८७च्या पुढे, तिघेही परत आहेत, त्यामुळे नव्या पुस्तकांच्या काळात प्रश्नच येत नाही. भाल १३५८मध्ये मेला आणि १४८२मध्ये परतला. मधल्या सव्वाशे वर्षांत त्याचा क्लेरिक करायचा असेल तर मंत्र दुसरंच कोणीतरी पुरवतंय असं धरा. ते कोण हे खेळाडूला सांगू नका.

सगळ्यांत अवघड जागा नेथेरिलच्या पतनाची. डेल शकाच्या ३३९ वर्षं आधी कार्सस या जादूगाराने देवत्व बळकावणारा मंत्र टाकला, तेव्हाची जादूची देवी मिस्ट्रिल हिने स्वतःला संपवलं आणि तरंगती शहरं कोसळली. गट कालप्रवास करून तिथे गेला तर तुमच्या मिस्ट्राच्या क्लेरिकची देवी अजून जन्मलेलीच नाही. दोन मार्ग आहेत. मिस्ट्रिल त्याची प्रार्थना आपली समजून ऐकते, हा सोपा. किंवा ती ऐकते आणि विचारते, 'हे नाव तुला कोणी सांगितलं?'